महाडला दुचाकीने जाताय? आधी वेळेचा हिशोब करा

दरवर्षी २० मार्चला वस्त्यावस्त्यांतून तरुण मंडळी दुचाकीने महाडला निघतात. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या तळ्याला वंदन करायला जाणे ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण निघताना पुण्याच्या मुलांचा हिशोब बहुधा असा असतो : “एकशेतीस किलोमीटर, साठचा स्पीड, सव्वादोन तासांत पोचू.” घाटात हा हिशोब कोलमडतो. मग उशीर भरून काढायला गाडी पळवली जाते. थकवा, ऊन आणि घाई एकत्र आली की अपघाताला वेळ लागत नाही. म्हणून आरोग्याच्या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

काट्यावर साठ दिसले तरी तासाला साठ किलोमीटर अंतर कापले जात नाही. सिग्नल, गावे, गतिरोधक, खड्डे धरले तर सपाट रस्त्यावरही तासाला ३५ ते ४० किलोमीटरच पडतात. वळणावळणाच्या घाटरस्त्याला २५ धरावेत.

भोर–वरंध घाटाच्या वाटेने हिशोब करून पाहू :

• पुणे ते भोर, सुमारे ५० किलोमीटर : दीड तास.
• भोर ते महाड, सुमारे ८० किलोमीटर. नीरा देवघर धरणाच्या कडेचा रस्ता, मग घाट : सव्वातीन तास.
• पाणी, नाश्ता, पाय मोकळे करणे, १५ मिनिटांचे तीन थांबे : पाऊण तास.

एकूण साडेपाच तास. चार-पाच गाड्या एकत्र असतील तर आणखी अर्धा तास जोडा, कारण सर्वांत हळू गाडीचा वेग तोच सगळ्यांचा वेग.

आता परतीचे पाहा. मार्चच्या २० तारखेला पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो. उजेडात घरी पोचायचे तर महाड दुपारी एकच्या आत सोडावे लागेल. पहाटे साडेपाचला निघालेला माणूस अकराला पोचतो. म्हणजे गर्दीत अभिवादनाला जेमतेम दोन तास, आणि गाडीवर दिवसाचे अकरा तास! एका दिवसात हे अंगाला झेपणारे नाही. आमचे स्पष्ट सांगणे आहे : आदल्या दिवशी जा, मुक्काम करा, नाहीतर एसटीने जा.

रात्रपाळी करून थेट गाडीवर बसू नका. आदल्या रात्री सात तास झोप हवी. सारख्या जांभया येणे, गिअर चुकणे, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते न आठवणे ही झोपेची लक्षणे आहेत. चहाने तेवढ्यापुरती तरतरी येते, झोप भागत नाही. गाडी रस्त्यापासून दूर, सावलीत लावा आणि वीस मिनिटे डोळे मिटा. कोकणातल्या दमट उन्हात घाम फार जातो. तहान लागायची वाट न पाहता प्रत्येक थांब्यावर पाणी प्या. बीपी-शुगरची गोळी चुकवू नका.

घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडू नका. खालच्या गिअरमध्ये उतरा. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापतो आणि नेमक्या वेळी लागत नाही. गाडीवर दोघेच, आणि हेल्मेट दोघांनाही. लेकराला मध्ये बसवून घाट उतरू नका. पाचवे शील तर आपण रोज म्हणतो. प्रवासात ते अधिकच पाळायचे.

दरडींमुळे किंवा रस्त्याच्या कामामुळे वरंध घाट अधूनमधून बंद असतो. निघण्याआधी चौकशी करा. ताम्हिणीमार्गे माणगावहून जाणार असाल तरी घाट आहेच, हिशोब हाच लावा.

आणि घरच्यांना पोचण्याची वेळ सांगताना सव्वादोन तास सांगू नका, सहा तास सांगा. त्यांना काळजी नाही, तुम्हाला घाई नाही.

जय भीम!