डिझेल जीपची गाळणी

रायपूर शहराच्या जुन्या भागास पुरानी बस्ती असे नाव आहे. महामाया मंदिर व बूढा तलाव यांच्या परिसरातील अरुंद गल्ल्यांतून एखादी जुनी डिझेल जीप निघाली आणि पूर्वेकडील बारनवापारा अभयारण्याच्या मातीच्या वाटेस लागली, अशी कल्पना करावी. सपाटीवर ती नीट चालते. पण चढ आला की तिची शक्ती ओसरते आणि अखेर इंजिन बंद पडते. अशा वेळी पहिला संशय इंधनाच्या गाळणीचा घ्यावा. मिस्त्री लोक तिला डिझेल फिल्टर म्हणतात. सपाटीवर इंजिनास थोडे इंधन पुरते, चढावर अधिक लागते. आणि तुंबलेली गाळणी नेमके तेवढे अधिक इंधन देऊ शकत नाही.

भारतात जीप रुजली ती स्वातंत्र्याच्या सुमारास. मुंबईच्या महिंद्र कंपनीने १९४७ साली विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या जीप पेट्रोलवर चालत. पुढे डिझेलच्या जीप आल्या. एमएम ५४० या जीपमध्ये प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे २,११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन असे. पेट्रोल सोडून डिझेल आले आणि गाळणीचे महत्त्व अनेक पटींनी वाढले. हे का, ते समजण्यास डिझेल इंजिनाची रीत पाहिली पाहिजे.

रुडॉल्फ डीझेल यांचे इंजिन १८९७ साली यशस्वी ठरले. त्यात ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधील हवा दट्ट्याने इतकी दाबली जाते की ती अतिशय तापते, आणि त्या तप्त हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. परंतु दाबलेल्या हवेत इंधन फवारावयाचे, तर त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या शंभरपटीहून अधिक हवा. हे काम इंजेक्शन पंप करतो. जर्मनीच्या बॉश कारखान्याने असे पंप १९२७ साली मोठ्या प्रमाणावर काढण्यास आरंभ केला. भारतात १९५१ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या मायको कंपनीने ते काम हाती घेतले.

पंपातील लहानसा दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांमधील फट अवघी काही मायक्रॉनांची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एवढ्या फटीत वाळूचा सूक्ष्म कण शिरला, तर पोलादावर ओरखडा उठतो, दाब गळू लागतो आणि पंप निकामी होतो. पाणी त्याहून कपटी आहे. ते डिझेलहून जड असल्याने तळाशी साचते आणि चकचकीत पोलादावर गंज चढविते. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतील बाष्पाचे पाणी होते. म्हणून मुक्कामी टाकी भरलेली ठेवणे हिताचे.

अनेक जुन्या भारतीय डिझेल गाड्यांत एकापाठोपाठ दोन गाळण्या असतात. पहिली कापडाची वा नमद्याची. ती ठळक मळ अडविते. दुसरी घड्या घातलेल्या कागदाची; ती सूक्ष्म कण धरून ठेवते. कागदाची गाळणी धुऊन किंवा हवेच्या झोताने झाडून पुन्हा बसविण्याचा मोह टाळावा. तसे केल्याने छिद्रे फाटतात आणि गाळणी असूनही मळ पुढे जातो. थोडक्या पैशांची गाळणी वाचविण्यासाठी महागडा पंप गमावणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

गाळणी बदलताना इंजिन बंद व थंड असावे आणि जवळपास विडी, चूल वा ठिणगी नसावी. प्रथम भांड्याभोवतीची धूळ पुसून काढावी. कारण भांडे उघडल्यावर पडलेला कण थेट पंपाच्या वाटेस लागू शकतो. खाली तसराळे ठेवून तळाचा स्क्रू सैल करावा व पाणी आणि गाळ काढावा. मग मधला बोल्ट सोडून भांडे उतरवावे आणि स्वच्छ डिझेलने धुवावे. सुताचे धागे सुटणारी चिंधी वापरू नये. जुनी रबरी कडी जागेवर चिकटून राहिली नाही ना, हे पाहावे. नव्या कडीस डिझेलचे बोट लावून नवी गाळणी बसवावी आणि बोल्ट बेताने आवळावा.

येथे काम संपले असे नवख्यास वाटते. परंतु इंजिन सुरू होत नाही. मिस्त्री म्हणतात, ‘गाडीने हवा घेतली.’ डिझेल दाबाने फारसे आकसत नाही. हवा मात्र स्प्रिंगप्रमाणे आकसते. नळीत हवेचा बुडबुडा असेल, तर पंपाचा दट्ट्या तो बुडबुडाच दाबत राहतो आणि फवारणीस लागणारा दाब निर्माण होत नाही. म्हणून गाळणीच्या डोक्यावरील हवेचा स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारावा. आधी फेस येतो, मग अखंड धार येते. धार येताच स्क्रू आवळावा. हीच कृती पंपावरील स्क्रूपाशी करावी. इंजिन चालू असता फवाऱ्याच्या नळीपाशी गळती शोधण्यासाठी बोट कदापि नेऊ नये. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते, आणि जखम लहान दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

गाळणी किती अंतरानंतर बदलावी, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. धुळीच्या वाटांवर ते अंतर कमी धरावे. तळाचे पाणी मात्र पावसाळ्यात वरचेवर काढावे.

काढलेले डिझेल गटारात ओतू नये. वस्तीतील गटाराचे पाणी शेवटी तलावास वा नदीस मिळते, आणि थोडेसे तेलही पाण्यावर दूरवर तवंग पसरविते. ते झाकणाच्या डब्यात साठवून टाकाऊ तेल घेणाऱ्याकडे द्यावे. इंजिनाकडे जाणारा मळ गाळणीने अडविला. तलावाकडे जाणारा मळ अडविणे हे गाडीवाल्याचे काम आहे.