‘हार पुन्हा घाला’ न म्हणणारा फोटोग्राफर

अमेरिकेत जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळच्या कंबरलँड बेटावर २१ सप्टेंबर १९९६ रोजी जॉन एफ. केनेडी ज्युनियर आणि कॅरोलिन बेसेट यांचं लग्न लागलं. छोट्या लाकडी चर्चमधून बाहेर पडताना नवरदेवाने नवरीच्या हाताचं चुंबन घेतलं आणि छायाचित्रकार डेनिस रेजी यांनी ते टिपलं. त्या सोहळ्याचा हाच फोटो जगभर गाजला. रेजी लग्नात बातमीदाराच्या नजरेने वावरतात. जे घडेल ते टिपायचं, घडवून आणायचं नाही, ही त्यांची रीत.

माहितीपटांच्या जगात ही रीत आधीच आली होती आणि तिथेही केनेडीच होते. १९६० साली या नवरदेवाचे वडील विस्कॉन्सिनमध्ये प्रचार करत असताना रॉबर्ट ड्रू यांच्या चमूने हलके कॅमेरे खांद्यावर घेऊन त्यांच्या मागोमाग फिरत ‘प्रायमरी’ हा माहितीपट केला. पुढे डग ब्लॉक या माहितीपटकाराने पोटापाण्यासाठी सुमारे दोन दशकं अशाच नजरेने लग्नं चित्रित केली. त्यातल्या काही जोडप्यांना पुन्हा भेटून त्यांनी ‘११२ वेडिंग्ज’ (२०१४) केला.

यंत्रांनीही साथ दिली. २००८ मध्ये आलेल्या कॅननच्या ‘फाइव्ह डी मार्क टू’मुळे फोटोच्या कॅमेऱ्यावरच फुल एचडी व्हिडिओ घेता येऊ लागला, तोही कमी उजेडात. डोळे दिपवणाऱ्या दिव्यांची गरज घटली.

पण नुसतं गप्प उभं राहून हे काम होत नाही. आपल्याकडचा अंतरपाट घ्या. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते. सगळं काही सेकंदांत. शेवटचं मंगलाष्टक कोणतं, गुरुजी कुठे उभे राहणार, मामा कुठे असणार, हे आधी ठाऊक नसेल तर नवरीचा चेहरा हातचा जातो. हार पुन्हा घालता येतात, ती पहिली नजर पुन्हा येत नाही.

घरच्यांचा एकत्र फोटो मात्र हवाच. आजी-आजोबांसह सारं घर एका रांगेत आपोआप उभं राहत नाही. त्यासाठी अर्धा तास वेगळा ठेवा.

फोटोग्राफर ठरवताना निवडक अल्बमवर भुलू नका. एका लग्नाचे सगळे फोटो पाहायला मागा. विधींचा क्रम आणि जवळच्या माणसांची ओळख त्याला आधीच करून द्या. मग लग्नात कॅमेऱ्याकडे पाहू नका, एकमेकांकडे पाहा.