ठिगळ कोणी लावावे?

नवी दिल्लीत आर. के. पुरम येथे केंद्रीय हिंदी निदेशालयाचे कार्यालय आहे. देवनागरी लिपीच्या मानकीकरणाविषयीची त्याची पुस्तिका १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. लिपीचे नियम असे संस्थांतून ठरतात. संगणकाच्या पडद्यावर मात्र अक्षर कसे उमटावे, हे फाँटवर, म्हणजे अक्षरसंचावर, अवलंबून असते. भोजनाचे निमंत्रण आचार्यांना द्यावयाचे की आचाऱ्यांना, याचा निर्णय मराठीत रकाराच्या एका आकारावर होतो. हिंदीला ‘ऱ्य’ची गरज पडत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यांपुढे ठेवून अक्षरसंच घडविणाऱ्यास ही उणीव जाणवेलच असे नाही.

अक्षरसंच मुक्त स्रोत पद्धतीचा असेल, तर त्याची मूळ रचना कोणालाही पाहता येते व बदलता येते. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये खुला केलेला ‘लोहित’ याच जातीचा होय. समजा, एखाद्या मराठी शिक्षकाला त्यात असा दोष आढळला. नुसती तक्रार केल्यास ते काम कोणी तरी अंगावर घेईपर्यंत थांबावे लागते. पॅच, म्हणजे ठिगळ, ही मात्र तयार दुरुस्तीच असते. वगळावयाच्या ओळींच्या आरंभी उणे चिन्ह, नव्या ओळींच्या आरंभी अधिक चिन्ह आणि सोबत बदलाचे कारण, एवढाच तिचा देह.

ती लगेच स्वीकारली जात नाही, हे योग्यच आहे. प्रकल्प सांभाळणारा विचारतो : ‘ऱ्य’ सुधारताना ‘कार्य’वरील रेफ तर बिघडला नाही ना? एका पॅचमध्ये दोन असंबद्ध बदल असल्यास तो परत पाठवतो. शंका फिटल्यावरच बदल मूळ रचनेत विलीन होतो. लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेली ‘गिट’ ही आज्ञावली हे विलीनीकरण पार पाडते. पण दोघांनी एकच ओळ निरनिराळ्या प्रकारे बदलली असेल, तर निवाडा माणसालाच करावा लागतो. त्यांच्याच लिनक्स प्रकल्पात २००४ पासून प्रत्येक पॅचखाली पाठविणाऱ्याचे नाव असते. हे लेखन देण्याचा आपणास अधिकार आहे, अशी ती ग्वाही असते.

नाव मात्र खरे असेलच असे नाही. ‘एक्सझेड’ ही माहिती आटोपशीर करणारी आज्ञावली असंख्य संगणकांवर वापरली जाते. तिची देखभाल दीर्घकाळ एकच माणूस विनामोबदला करीत होता. जिया टॅन या नावाने कोणी तरी दोन वर्षांहून अधिक काळ तेथे उपयुक्त दुरुस्त्या पाठविल्या, विश्वास संपादन केला, प्रकल्पाचे अधिकार मिळविले आणि २०२४ मध्ये तिच्यात चोरवाट दडविली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आढळले, की दूरच्या संगणकात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला. मूळ मजकूर खुला असल्यामुळे तो शेवटपर्यंत काढता आला.