प्रतिस्पर्ध्याच्या नावावर गोळीबार

आपल्या मालाचे नाव दुसऱ्याच्या करमणुकीत अलगद दाखल करून ते पाहणाऱ्याच्या स्मरणात मुरवायचे, ही जाहिरातदारांची युक्ती व्हिडिओ गेमच्या जगातही लवकरच पोहोचली. १९९१ च्या ‘जेम्स पॉन्ड २’मध्ये ‘पेंग्विन’ बिस्किटांनी आणि १९९२ च्या ‘झूल’मध्ये ‘चुपा चुप्स’ लॉलीपॉपने आपापली सोय राजरोस करून घेतली होती. परंतु १९८३ साली कोका-कोलाच्या फर्माइशीवरून अटारी कंपनीने जो खेळ तयार केला, त्यात पडद्यावर मांडलेले नाव फर्माइश करणाऱ्याचे नव्हे, तर त्याच्या हाडवैऱ्याचे होते, आणि ते मांडले होते केवळ गोळ्या घालण्यासाठी. पुढे ‘पेप्सी इन्व्हेडर्स’ या नावाने ओळखला गेलेला हा खेळ दुकानात कधीच आला नाही.

त्याचे मूळ ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हे होय. जपानमधील तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली रचलेला हा खेळ अटारीने १९८० मध्ये आपल्या घरगुती यंत्रावर आणला, आणि त्यासाठी म्हणून लोकांनी यंत्रे खरेदी केली. अवघी १२८ बाइट स्मृती असलेल्या त्या यंत्रासाठी सारे नव्याने लिहीत बसण्यापेक्षा तयार खेळाचीच चित्रे बदलणे सोयीचे होते. परग्रहवासीयांच्या जागी ‘पेप्सी’ची पाच रोमन अक्षरे आली, रांगेत मात्र घरे सहा, म्हणून सहाव्या घरी एक परग्रहवासी आपल्या वतनावर कायम राहिला! वरून सरकत जाणाऱ्या यानाचे स्थान पेप्सीच्या बोधचिन्हाने घेतले.

खेळाडूला मात्र मरण नाही. कितीही वेळा नेम चुको, कितीही वेळा तोफ उद्ध्वस्त होवो, तीन मिनिटांची मुदत भरली की ‘कोक जिंकले’ असा इंग्रजी निकाल पडद्यावर झळकायचा. हरण्याची शक्यताच ज्यातून काढून टाकली आहे, त्याला खेळ म्हणावे की दरबारी कवायत, याचा निर्णय मला करवत नाही. पण अटलांटा येथील विक्रीविभागाच्या अधिवेशनात स्वतःच्याच कर्मचाऱ्यांना हुरूप यावा म्हणून ही १२५ कार्ट्रिजे यंत्रासह वाटली गेली, हे ध्यानात घेतले की त्या उदारतेचा उलगडा होतो. १९७५ पासून पेप्सीने नाव झाकून चव घेण्याचे जाहीर सामने भरवून कोकला बेजार केले होते. त्या धास्तीतूनच कोकने २३ एप्रिल १९८५ रोजी आपली मूळ कृती बदलली आणि लोकक्षोभापुढे नमून ७९ दिवसांत ती परत आणली.

त्या कार्ट्रिजांपैकी एखादे हाती लागावे म्हणून संग्राहक आजही टपलेले असतात. इतरांना त्याची संगणकावरील नक्कल खेळता येते, पेप्सीच्या नोकरवर्गालासुद्धा; मात्र तीन मिनिटे सरली की त्यांच्याही पडद्यावर विजय कोकचाच उमटतो.