संधिवाताभ संधिशोथ : संदिग्ध चाचण्या आणि निदानाची रीत

रोगाचे निदान म्हणजे प्रयोगशाळेने दिलेला निवाडा, अशी समजूत सर्वत्र आढळते. संधिवाताभ संधिशोथाच्या बाबतीत ही समजूत टिकत नाही. या रोगात शरीराची प्रतिकारयंत्रणा सांध्याच्या आतील अस्तरावर, म्हणजे संधिकलेवर, उलटते. संधिकला सुजते, जाड होते आणि कालांतराने लगतची कूर्चा व हाड पोखरते. एकदा झालेली ही हानी सहसा भरून येत नाही, म्हणून उपचार लवकर सुरू होणे अगत्याचे असते. उलटपक्षी, मेथोट्रेक्सेटसारखे औषध यकृत व रक्तपेशी यांवर लक्ष ठेवून दीर्घकाळ द्यावे लागते. ते अकारण देणेही इष्ट नव्हे. विलंब आणि उतावीळ या दोहोंची किंमत रुग्णासच मोजावी लागते.

या रोगाच्या रक्तचाचणीचा इतिहास उद्बोधक आहे. १९४० मध्ये नॉर्वेतील एरिक वालर यांना असे आढळले की, प्रतिपिंडांचा लेप दिलेल्या मेंढीच्या तांबड्या पेशी काही रुग्णांच्या रक्तरसामुळे एकमेकींस चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. १९४८ मध्ये अमेरिकेत रोझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच घटना नोंदविली. याच्या मुळाशी असलेला ‘ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर’ हा शरीराने स्वतःच्याच प्रतिपिंडांविरुद्ध निर्माण केलेला प्रतिपिंड होय. परंतु तो क्षय, कुष्ठरोग, ‘क’ प्रकारचा यकृतशोथ अशा विकारांत, तसेच काही निरोगी वृद्धांतही सापडतो. पुढे १९९८ मध्ये सिट्रुलिनयुक्त प्रथिनांविरुद्धचे प्रतिपिंड ओळखले गेले आणि त्यांतून ‘अँटी-सीसीपी’ ही अधिक नेमकी चाचणी तयार झाली. २००७ मधील एका एकत्रित विश्लेषणानुसार पहिल्या चाचणीची संवेदिता ६९ टक्के व विशिष्टता ८५ टक्के, तर दुसरीची अनुक्रमे ६७ व ९५ टक्के भरली. म्हणजे कोणतीही एक चाचणी घेतली तरी सुमारे एक-तृतीयांश रुग्ण तिच्यातून निसटतात.

या आकड्यांचा अर्थ चाचणी कोणाची केली यावर अवलंबून असतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत या रोगाचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. अशा वस्तीतील सरसकट २००० प्रौढांची ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरसाठी चाचणी केली, तर १० रुग्णांपैकी ७ जण होकारी ठरतील. परंतु उरलेल्या १९९० जणांपैकी सुमारे २९९ जणही होकारीच ठरतील. होकारी निष्कर्ष आलेल्या शंभरांत खरे रुग्ण दोन-तीनच! आता सांधे सुजलेले असे २०० जण घ्यावेत, की ज्यांपैकी निम्म्यांना हा रोग आहे. येथे होकारी ठरलेल्या ८४ जणांत ६९ खरे रुग्ण असतील. मात्र नकारी ठरलेल्या ११६ जणांतही ३१ रुग्ण दडलेले असतील. चाचणी आधीच्या संशयास बळकटी देते किंवा तो क्षीण करते. संशयाचे मूळ मात्र सांध्यांच्या तपासणीतच असावे लागते.

२०१० मध्ये अमेरिकन व युरोपीय संधिवात-संस्थांनी संयुक्तपणे ठरविलेल्या निकषांतही हाच क्रम आहे. किमान एका सांध्यात निश्चित सूज असावी आणि तिचे अन्य रोगाने अधिक चांगले स्पष्टीकरण होत नसावे, ही पूर्वअट होय. त्यानंतर बाधित सांध्यांसाठी ५ पर्यंत, प्रतिपिंडांसाठी ३ पर्यंत, रक्तातील शोथदर्शक चाचण्यांसाठी १ आणि सहा आठवडे वा अधिक काळासाठी १ असे गुण दिले जातात. १० पैकी ६ गुण आवश्यक मानले आहेत. आठ लहान सांधे सुजलेल्या, परंतु प्रतिपिंड नसलेल्या रुग्णास ३, १ व १ मिळून ५ गुणच मिळतात. उलट, बोटाचा एकच सांधा सुजलेल्या, पण प्रतिपिंडांचे प्रमाण फार वाढलेल्या रुग्णास दोन महिन्यांनी २, ३ व १ असे ६ गुण मिळतात. पहिल्यास रोग नाही असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. हे निकष संशोधनासाठी रुग्णगट एकसारखे असावेत म्हणून केलेले वर्गीकरण आहे. एका व्यक्तीचे निदान ही त्याहून निराळी क्रिया होय.

ही क्रिया सावकाश चालते. मनगट, मुठीचे सांधे व बोटांचे मधले सांधे दोन्ही बाजूंस सुजणे आणि सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकणे यांस महत्त्व असते. बोटांच्या टोकाचे सांधे बहुधा वगळले जातात. ते सुजले असल्यास त्वचेवर वा नखांत सोरायसिसच्या खुणा शोधाव्या लागतात. अलीकडे ताप येऊन गेला काय, हेही विचारणे आवश्यक असते. २००६ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत चिकुनगुन्याची साथ पसरली. त्यानंतर काही रुग्णांत याच रोगाशी मिळतीजुळती सांधेसूज महिनोन्‌महिने टिकते. साध्या क्ष-किरण चित्रात आरंभी हानी दिसत नाही. सोनोग्राफी वा एमआरआय यांत मात्र संधिकलेची सूज दिसू शकते.

एवढे करूनही काही रुग्णांत उत्तर मिळत नाही. अशा अवस्थेस ‘अविभेदित संधिशोथ’ म्हणतात. काहींची सूज आपोआप ओसरते, काहींत पुढे रोगाचे रूप स्पष्ट होते. म्हणून ठरावीक अंतराने सांधे पुन्हा मोजणे, ही त्या काळातील प्रमुख तपासणी होय. सूज टिकून राहिली वा वाढली, तर प्रतिपिंडांची वाट न पाहता उपचारास आरंभ करणे युक्त ठरते. नकारी अहवाल हाती देऊन रुग्णास घरी पाठविणे म्हणजे निदान पूर्ण करणे नव्हे.