मोजणी जुळूनही उरलेला मॉप : लेखांक ५

विमानदुरुस्तीच्या हँगरमधील ज्या हत्यारफळीचा विचार मागील लेखांकात झाला, तिच्यावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, आणि त्यामुळे परत न आलेल्या पान्याची रिकामी जागा लांबूनही डोळ्यांत भरते. शस्त्रक्रियागृहात ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही, कारण लोकांच्या बोलण्यात पोटात राहते ती कात्री असली, तरी प्रत्यक्षात बहुतेक वेळा राहते ते कापड : गॉजची घडी, किंवा रक्त टिपण्यासाठी व आतडी बाजूला दाबून धरण्यासाठी वापरला जाणारा जाड, चौकोनी मॉप. कात्री ट्रेमध्ये परत येते. मॉप वापरून टाकायचाच असल्यामुळे त्याला परतण्याची ठरलेली जागा नसते, शिवाय कोरडेपणी पांढराशुभ्र असणारा हा तुकडा रक्ताने भिजला की चुरगळून आतड्यांच्या वेटोळ्यांत त्यांच्याच रंगाचा होऊन बसतो.

शरीर अशा कापडाशी दोन प्रकारे वागते. संसर्ग नसेल तर त्याभोवती तंतुमय कवच तयार होते आणि ते वर्षानुवर्षे निमूट पडून राहून पुढे एखाद्या तपासणीत गाठ म्हणून दिसते. संसर्ग झाला तर पू साठतो, ताप हटत नाही, आणि क्वचित कापड आतड्याची भिंत पोखरून आत शिरते. वैद्यकात या गाठीला ‘गॉसिपिबोमा’ म्हणतात; कापसाचा लॅटिन आणि दडण्याच्या जागेचा स्वाहिली शब्द, अशी त्याची फोड दिली जाते.

औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एका बाळंतिणीवर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर तिचा ताप व पोटदुखी वाढत गेली. सहा दिवसांनी पोट पुन्हा उघडले तेव्हा आत मॉप सापडला, पण ती वाचली नाही. या प्रकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांनी, राज्य शासनाला जबाबदार धरून ३६,००० रुपये भरपाईचा मूळ निकाल पुन्हा लागू केला. मॉप आत सापडणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा, ‘घटना स्वतःच बोलते’, हे त्यामागील तत्त्व होते.

कायद्याच्या दृष्टीने हे पुरेसे असले, तरी मॉप का राहतो याचे उत्तर त्यात नाही. शल्यचिकित्सक अतुल गवांदे व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ५४ रुग्णांच्या शरीरात राहिलेल्या ६१ वस्तूंचा अभ्यास प्रसिद्ध केला; तातडीच्या शस्त्रक्रियेत हा धोका सुमारे नऊपट आढळला, पण त्याहून चक्रावून टाकणारी बाब अशी की ज्या प्रकरणांत मोजणी झाली होती, त्यांपैकी ८८ टक्क्यांत ती ‘बरोबर’ नोंदलेली होती. गठ्ठ्यात पाचाऐवजी सहा मॉप निघाले आणि ते मोजून घेतले गेले नाहीत, तर एक आत राहूनही शेवटी बाहेरचे पाच भरतात. पाळी बदलताना एकच मॉप दोनदा मोजला गेला, तरी बेरीज जुळते. जुळलेली बेरीज शोध थांबवते, म्हणून ती चुकलेल्या बेरजेपेक्षा अधिक घातक म्हणावी लागते.

म्हणून अनेक ठिकाणी आता खुंटीवर पारदर्शक कप्प्यांची पिशवी टांगतात. वापरलेला प्रत्येक मॉप उलगडून स्वतंत्र कप्प्यात टाकला जातो, आणि पोट शिवण्यापूर्वी परिचारिका व शल्यचिकित्सक दोघेही आकड्याऐवजी कप्प्यांकडे पाहतात. एखादा कप्पा रिकामा असेल तर आधी पोटात हाताने चाचपून पाहिले जाते, मग बादली उपसली जाते, आणि तरीही न सापडल्यास टेबलावरच एक्स-रे काढला जातो, ज्यात मॉपमध्ये विणलेली बेरियमयुक्त पट्टी पांढऱ्या, वेड्यावाकड्या दोऱ्यासारखी उमटते.