गेमची मजा गेली. आता वेळ कसा घालवायचा?

रात्रीचे साडेदहा. समजा, मुकुटबनमधला एक तरुण कारखान्यातली दुपारपाळी करून घरी आला आहे. जेवण उरकून तो खाटेवर आडवा होतो आणि सवयीने मोबाइल हातात घेतो. गेम उघडतो, एक डाव खेळतो, मध्येच सोडतो. दुसरा गेम उघडतो, तोही बंद करतो. पाच मिनिटांनी पुन्हा पहिलाच सुरू. विचारलं तर सांगेल, ‘‘लावला त मजा नाई येत, अन् नाई लावला त करमत नाई.’’

हा तरुण काल्पनिक आहे, पण त्याचं वाक्य आज अनेक घरांत ऐकू येतं. २०१६ नंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झालं आणि गेम गावोगावी पोचले. तेव्हा शाळेत असलेली मुलं आज विशी-पंचविशीत आहेत. टाळेबंदीच्या काळात तर गेम हीच अनेकांची मैत्री आणि हेच मैदान होतं. त्यातल्या काहींना आता गेम फिका वाटू लागला आहे. घरच्यांना वाटतं, बरं झालं, सुटला एकदाचा! पण इथे थोडं थांबून पाहायला हवं. गेमचा कंटाळा येणं ही चांगली खूण असू शकते, तशीच ती एखाद्या आजाराची पहिली चाहूलही असू शकते.

मजा का ओसरते?

आनंदाच्या अनुभवात मेंदूतलं डोपामिन हे रसायन महत्त्वाचं असतं. लंडनमधल्या संशोधकांनी १९९८ साली आठ जणांना रणगाड्याचा व्हिडिओ गेम खेळायला देऊन मेंदूची विशेष तपासणी केली, तेव्हा खेळताना डोपामिन स्रवत असल्याचं दिसलं. प्रयोग छोटा होता, पण गेमचा परिणाम मेंदूत मोजता येतो हे त्यातून पुढे आलं.

डोपामिन म्हणजे थेट आनंद, असं मात्र नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की अनपेक्षित बक्षीस मिळालं की डोपामिनच्या पेशी जोरात प्रतिसाद देतात. तेच बक्षीस ठरल्यासारखं मिळू लागलं, की त्यांचा प्रतिसाद मावळतो. गेमचंही असंच होतं. पहिली जिंकलेली मॅच आठवते, तीनशेवी आठवत नाही. नकाशा पाठ झालेला असतो, शत्रू कुठून येणार हे माहीत असतं आणि नवी ‘स्किन’ दोन दिवसांत जुनी होते.

मग मजा गेली तरी हात गेमकडे का जातो? मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी याचं उत्तर दिलं आहे. एखादी गोष्ट ‘हवीशी वाटणं’ आणि ती ‘आवडणं’ या मेंदूतल्या वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. आवड ओसरल्यावरही ओढ टिकून राहू शकते. गेम बनवणारे याच ओढीवर काम करतात. रोज हजेरी लावली की बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली, पेटीतून काय निघेल याची उत्सुकता, या सगळ्या युक्त्या आपल्याला परत बोलावण्यासाठीच असतात. त्यामुळे ‘‘मजा येत नाही तर सोडून दे ना,’’ हा सल्ला वाटतो तितका सोपा नाही.

तीन प्रकारचा कंटाळा

गेमचा कंटाळा आला असेल तर तो कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी ओळखावं.

पहिला प्रकार साधा. गेम नकोसा झाला, पण मित्रांबरोबर चहा प्यायला मजा येते, क्रिकेटची मॅच बघावीशी वाटते, जेवण चवीचं लागतं, झोप नीट लागते. ही फक्त आवड बदलणं आहे. लहानपणी गोट्या सुटल्या तसाच गेम सुटतो. अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही आणि जबरदस्तीने जुनी आवड जागवायचीही गरज नाही.

दुसरा प्रकार सवयीचा. मजा नाही, तरी थांबता येत नाही. झोप, काम, अभ्यास, नाती यांपेक्षा गेमला आधी जागा मिळते आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. ताबा सुटणं, गेमला सर्वाधिक महत्त्व मिळणं आणि नुकसान होऊनही न थांबणं ही त्याची लक्षणं. साधारणपणे ती १२ महिने दिसली, तर निदानाचा विचार होतो. सुट्टीत चार दिवस जास्त खेळलेल्या मुलाला लगेच ‘व्यसनी’ म्हणू नये, ते याचसाठी.

तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. गेमबरोबरच बाकी सगळ्यातलाही रस जातो. मित्र नकोसे होतात, सणाचा उत्साह वाटत नाही, आवडीची भाजी बेचव लागते, झोप बिघडते, थकवा जात नाही, ‘आपण काही कामाचे नाही’ असे विचार येतात. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ जवळपास रोज असं होत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. अशा वेळी गेम सुटल्याचा आनंद मानून घरच्यांनी निश्चिंत होऊ नये. शेतीचं कर्ज, नापिकी आणि आत्महत्या यांचं दुःख यवतमाळ जिल्ह्याने फार सोसलं आहे. गप्प झालेल्या तरुणाकडे ‘आळशी झाला’ म्हणून बघणं आपल्याला परवडणारं नाही.

गेम काय देत होता?

नवा छंद शोधण्याआधी जुन्या छंदातून काय मिळत होतं, हे पाहायला हवं. रिचर्ड रायन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली गेम खेळणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात तीन गोष्टी पुढे आल्या. आपण काहीतरी जमवतो आहोत ही भावना, स्वतःच्या मर्जीने निर्णय घेण्याची मोकळीक आणि इतरांशी जोडलेपण. गेममधून या तीन भुका भागतात, म्हणून तो ओढतो.

म्हणून गेमच्या जागी नुसता रिकामा वेळ ठेवला, तर माणूस रील्सकडे वळतो आणि तिथेही तेच होतं. कोणती भूक भागवायची आहे, त्यावरून छंद निवडावा.

ज्याला पातळ्या ओलांडण्यात मजा यायची, त्याने प्रगती मोजता येईल असं काही घ्यावं. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी मुलं गावोगावी दिसतात. सोळाशे मीटर धावायला आज किती मिनिटं लागली आणि पंधरा दिवसांनी किती, हा आकडा गेममधल्या गुणांइतकाच चेव आणतो. भरतीला जायचं नसलं तरी त्यांच्याबरोबर धावता येतं. खंजिरी, ढोलकी, बासरी किंवा बुद्धिबळ शिकतानाही रोजची प्रगती दिसते.

ज्याला चौघांचा संघ करून खेळायला आवडायचं, त्याला एकट्याने वाचत बसण्याचा सल्ला पचणार नाही. त्याच्यासाठी कबड्डी, व्हॉलीबॉल, गणेशोत्सवाची तयारी किंवा भजन मंडळ. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाची परंपरा विदर्भात घरोघरी पोचलेली आहे. सूर थोडा चुकला तरी तिथे कुणी हाकलून देत नाही.

आणि ज्याला गेममधलं मोठं जग धुंडाळायला आवडायचं, त्याने बाहेर पडावं. टिपेश्वर अभयारण्य याच जिल्ह्यात आहे. तिथल्या एका तरुण वाघाला २०१९ साली रेडिओ कॉलर लावली होती. तो तिथून निघून महाराष्ट्र-तेलंगणातली शेतं, रस्ते आणि नाले ओलांडत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोचला. रोज अभयारण्यात जाणं शक्य नसलं, तरी गावच्या तळ्यावरचे आणि शेतातले पक्षी फुकट आहेत. दसऱ्याला शुभ म्हणून आपण नीळकंठ शोधतो; तो वर्षभर तारेवर बसलेला असतो. पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगणारी ‘मर्लिन’सारखी मोफत ॲप आहेत. मोबाइल हातात राहतो, पण डोळे झाडाकडे जातात.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे. संध्याकाळी मैदानावर किंवा चौकात मुलं असतात, मुलींना तिथे जागा नसते. मोबाइलवरचा लुडो किंवा कँडीचा गेम हीच त्यांची मोकळी जागा असते. घरातून ‘मोबाइल ठेव’ असं सांगताना त्या जागेच्या बदल्यात दुसरी जागा देण्याची जबाबदारीही घरच्यांचीच. शाळेच्या मैदानावर मुलींसाठी ठरलेला एक तास किंवा चार मैत्रिणींचं रोजचं फिरणं, एवढ्यानेही सुरुवात होते.

छंद हासुद्धा उपचार

आवडीच्या कामांकडे परत नेणं हा नैराश्यावरचा मान्यताप्राप्त उपचार आहे. आपल्या शेजारच्या गोव्यात त्याचा मोठा अभ्यास झाला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सहा ते आठ भेटींचं समुपदेशन दिलं गेलं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले सामान्य लोक होते. रोजच्या जगण्यात आनंद किंवा समाधान देणारी छोटी कामं पुन्हा सुरू करणं, हा त्याचा गाभा. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. हे निष्कर्ष २०१७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

या पद्धतीतला सर्वांत उपयोगी धडा असा, की मूड येण्याची वाट पाहायची नाही. आधी काम, मूड मागाहून येतो. घरच्या घरी ते असं करता येईल.

छोटं ठरवा. ‘रोज तासभर वाचेन’पेक्षा ‘जेवणाआधी दोन पानं’ बरं.

वेळ आणि जागा पक्की करा. पाळीची नोकरी असेल तर पाळीनुसार दोन वेळा ठरवून ठेवा.

कुणाला तरी सोबत घ्या. मित्र दारात उभा राहिला की टाळाटाळ होत नाही.

वहीत रोज एक ओळ लिहा. काय केलं आणि दहापैकी किती बरं वाटलं. आठवड्याने वही पाहिली, की कशाने फरक पडतो ते दिसतं.

गेमची सूचना-घंटी बंद करा आणि झोपताना मोबाइल खाटेपासून दूर चार्जिंगला लावा.

सुरुवातीचे दिवस रटाळ जातील, हे आधीच धरून चाला. दर काही सेकंदांनी काहीतरी घडण्याची सवय लागलेल्या मनाला पुस्तक किंवा तळ्याचा काठ संथ वाटणारच. दोन-तीन आठवडे देऊनही एखादा छंद जमला नाही, तर दुसरा घ्या. छंद बदलणं म्हणजे हार नाही.

गेम पूर्ण सोडलाच पाहिजे असंही नाही. रविवारी मित्रांबरोबर तासभर खेळून हसून उठता येत असेल, तर तीही करमणूकच आहे.

गावाने काय करावं?

याच जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. देशभर त्याची चर्चा झाली. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे वेगळा मार्ग निवडला गेला. संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजला, की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. त्या वेळात अभ्यास, वाचन आणि घरच्यांशी बोलणं.

दुसऱ्या मार्गाचा फायदा असा, की ठरलेला वेळ सगळ्यांसाठी असतो. आईबाबांचाही मोबाइल बाजूला पडतो आणि रिकाम्या वेळेत काय करायचं हेही ठरलेलं असतं. मुकुटबनसारख्या गावात पाळ्यांमुळे सगळे एका वेळी घरी नसतात. तिथे घरोघरी आपापला अर्धा तास ठरवता येईल. गावात व्हॉलीबॉलचं जाळं, एक दिवा आणि वाचनालयाची संध्याकाळची वेळ, एवढी सोय झाली तरी मुलांना जायला ठिकाण मिळेल.

पैसा गुंतला असेल तर

काही वेळा कंटाळ्यामागे हरलेले पैसे असतात. रमी, तीन पत्ती किंवा सट्ट्याच्या ॲपवर पैसे घालवलेला तरुण घरी बोलत नाही, चिडतो, उधारी करतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली. शिक्षा असे गेम चालवणाऱ्यांना आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून पैसे गमावले असतील, तर भीतीपोटी लपवू नका. हरलेले पैसे परत जिंकण्याचा प्रयत्न तर अजिबात नको. घरातल्या एका विश्वासू माणसाला आजच सांगा.

मदत कुठे मिळेल?

सगळ्यातला रस जाऊन दोन आठवडे झाले असतील, झोप-भूक बिघडली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर वाट पाहू नका. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र मोफत आणि मराठीतही बोलता येतं. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, पुढे कुठे जायचं ते तिथून कळेल. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्याला एकटं सोडू नका.

आणि घरच्यांसाठी एक विनंती. आज रात्री तो खाटेवर पडून गेम उघडताना-मिटवताना दिसला, तर ‘ठेव तो मोबाइल’ म्हणण्याआधी शेजारी बसा आणि विचारा, ‘‘करमत नाही का रे?’’ त्याचं उत्तर पूर्ण ऐका. उद्या संध्याकाळी त्याला कुठे घेऊन जायचं, ते त्यातूनच कळेल.